कफ सोडवणारी व्हेस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छातीच्या फिजिओथेरपीच्या कामात रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, त्यामुळे हवं ते उत्तर थेट वाचता येईल. यंत्राचं सेटिंग मात्र तुमच्या छातीच्या डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टनी ठरवून दिलेलंच ठेवा, शेजारच्या रुग्णाचं बघून बदलू नका.

१. व्हेस्ट म्हणजे नक्की काय? अंगाला करंट वगैरे लागतो का?

करंट लागत नाही. हे बिनबाह्यांचं, आत पोकळ असलेलं जॅकेट असतं. त्याला दोन जाड नळ्या जोडलेल्या असतात आणि त्या बाजूला ठेवलेल्या यंत्राला जातात. यंत्र जॅकेटमध्ये हवा भरतं आणि मग ती हवा फार वेगाने थोडी आत, थोडी बाहेर करत राहतं. त्यामुळे छाती सगळीकडून दाबली आणि सोडली जाते. नळ्या नसलेले, जॅकेटमध्येच छोट्या मोटरी आणि बॅटरी असलेले प्रकारही आता मिळतात.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉरेन वॉरविक आणि लेलँड हॅन्सन यांनी १९८०च्या दशकात हे तंत्र विकसित केलं. सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे कफ फार घट्ट होण्याचा जन्मजात आजार असलेल्या मुलांची छाती आईवडिलांना रोज हाताने थोपटावी लागे. मूल मोठं झालं, शिकायला घराबाहेर पडलं, की ते करणारं जवळ कोणी नसे. व्हेस्टमुळे त्यांना स्वतःचं स्वतः करता येऊ लागलं, आणि आजही या यंत्राचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे असं मला वाटतं.

२. नुसतं हलवून कफ कसा काय सुटतो?

घट्ट लागलेलं दही रवीने घुसळलं की सैल होतं, पाणी न घालतासुद्धा. कफाचा स्वभावही काहीसा तसाच आहे. व्हेस्ट सेकंदाला साधारण ५ ते २० वेळा छाती दाबते. प्रत्येक दाबाबरोबर श्वासनलिकांतून हवेचा एक छोटा झटका बाहेरच्या दिशेने जातो. हे झटके नळीच्या भिंतीला चिकटलेल्या कफावर घासत जातात, त्याला सैल करतात आणि बारीक नळ्यांतून मोठ्या नळ्यांकडे सरकवतात.

व्हेस्टचं काम तिथे संपतं. ती कफ सोडवते, बाहेर काढत नाही. बाहेर काढायचा तो तुम्हालाच. या पानावरच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ एवढ्या एका गोष्टीत आहे, म्हणून प्रश्न ७ कृपया वगळू नका.

३. ही कोणाला देतात?

ज्यांच्या छातीत रोज कफ साठतो आणि आपोआप बाहेर पडत नाही, अशांना. सिस्टिक फायब्रोसिस, ब्रॉन्किएक्टेसिस म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंद आणि सैल होणं, श्वासनलिकांतले सूक्ष्म केस जन्मतःच नीट न हलणं, आणि स्नायूंचे काही आजार किंवा सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा होऊन स्नायूंवर ताबा न राहणं. स्नायूंच्या आजारासाठी प्रश्न १४ आधी वाचा.

४. बाबांना वीस वर्षांपूर्वी टीबी झाला होता, पूर्ण बरा झाला. आता रोज सकाळी वाटीभर बेडका पडतो. त्यांना चालेल का?

आपल्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. भारतातल्या ब्रॉन्किएक्टेसिसच्या २,१९५ रुग्णांची माहिती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सर्वाधिक आढळलेलं कारण जुना टीबी होतं, साधारण ३५ टक्के रुग्णांत. टीबीचे जंतू गेले तरी त्यांनी केलेलं नुकसान राहतं. रुंद झालेल्या नळ्यांत कफ साचतो, त्यात दुसरे जंतू वाढतात, नळ्या आणखी खराब होतात. हे चक्र तोडायचं तर रोज कफ काढणं हाच उपाय, आणि त्यासाठी व्हेस्ट चालू शकते.

पण आधी दोन गोष्टी बघायला हव्यात. एक, टीबी पुन्हा उठलेला नाही ना. त्यासाठी बेडक्याची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. टीबीची शंका असेपर्यंत व्हेस्ट लावू नये. दुसरं, सीटी स्कॅनमध्ये जुन्या टीबीची पोकळी आणि तिच्यात बुरशीचा गोळा दिसतो का. अशा पोकळीतून रक्त येण्याचा धोका असतो. तसं असेल तर व्हेस्टचा निर्णय फक्त छातीच्या डॉक्टरांचा.

५. न्यूमोनिया झालाय, किंवा दमा आहे. भाड्याने आणून लावू का?

साध्या न्यूमोनियात, जिथे माणूस एरवी धडधाकट आहे आणि खोकू शकतो, तिथे गरज नसते. दम्यात अडचण मुख्यतः नळ्या आवळण्याची असते, कफाची नंतर. आवळलेल्या छातीवर व्हेस्ट लावली तर दम वाढू शकतो. आधी पंप, आधी डॉक्टर.

६. किती वेळ, दिवसातून किती वेळा, आणि फ्रिक्वेन्सी किती ठेवायची?

बहुतेकांना २० ते ३० मिनिटं, दिवसातून दोनदा सांगितलं जातं. छातीत संसर्ग झाला की डॉक्टर तीनदा किंवा चारदा करायला सांगतात. फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती वेळा दाब, बऱ्याचदा १० ते १५ हर्ट्झच्या (सेकंदाला १० ते १५ वेळा) आसपास ठेवतात. काही केंद्रांत कमीपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवतात. दाबाचा आकडा प्रत्येक कंपनीच्या यंत्रावर वेगळा असतो. एका यंत्रावरचा ५ म्हणजे दुसऱ्यावरचा ५ नव्हे.

अर्धा तास सलग लावून टीव्ही बघत बसायचं नाही. दर ५ मिनिटांनी यंत्र थांबवायचं, हफ करायचा (कसा, ते प्रश्न ७ मध्ये), बेडका टाकायचा, मग पुन्हा सुरू. मोबाइलवर गजर लावून ठेवलात तर विसरणार नाही.

७. हा ‘हफ’ म्हणजे काय? आम्ही तर जोरात खोकतो, तेवढं पुरत नाही का?

जोरात खोकलं की श्वासनलिका स्वतःच दाबल्या जातात आणि कफ मागेच अडकतो. वर घसा सोलवटतो, माणूस थकतो. हफमध्ये घसा उघडा ठेवून हवा बाहेर ढकलायची असते.

चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर तोंडाची वाफ सोडतो ना, ‘हाऽऽ’ करून? हफ तोच, फक्त पोट आवळून, जरा जोरात. पाय जमिनीला टेकवून ताठ बसा. तोंड ‘ओ’सारखं गोल. नेहमीएवढाच श्वास घ्या आणि तो लांबवर, एकसारखा बाहेर टाका: ‘हाऽऽऽ’. याने खोलवरच्या बारीक नळ्यांतला कफ वर येतो. असे दोन हफ झाले की थांबा, चार-सहा श्वास शांतपणे पोटातून घ्या. छातीत वरच्या बाजूला घरघर जाणवली, म्हणजे कफ मोठ्या नळीत आला. आता मोठा श्वास घ्या आणि छोटा, जोरकस हफ करा, आणि मग एकदाच खोका. बेडका येईल.

माझ्याकडे येणाऱ्या एका आजींना हे आठ दिवस जमत नव्हतं. त्यांच्या तोंडासमोर पदराचं टोक धरलं आणि म्हटलं, हे हलवून दाखवा. पहिल्या दोनदा पदर जागचा हलला नाही. घसा आवळलेला होता, नुसतं ‘ख्ख’ होत होतं. तिसऱ्यांदा पदर उडाला आणि पाठोपाठ हिरवट, घट्ट बेडका पडला. व्हेस्ट महिनाभर घरात होती, कफ मात्र त्या दिवशी बाहेर आला.

८. नेब्युलायझर आधी घ्यायचा की नंतर?

औषध कोणतं यावर आहे. नळ्या रुंद करणारं औषध, म्हणजे साल्ब्युटामॉल किंवा ड्युओलिनसारखं, सगळ्यात आधी. मग कफ पातळ करणारं मिठाचं पाणी, ३ किंवा ७ टक्क्यांचं, दिलेलं असेल तर. हे तीव्र मिठाचं पाणी काहींच्या नळ्या आवळतं, म्हणूनच आधीचं औषध टाळायचं नाही. त्यानंतर किंवा काही जणांना त्याच वेळी व्हेस्ट. कफ निघून गेल्यावर ओढायची अँटिबायोटिक्स आणि स्टेरॉइडचा पफ. कफाच्या थरावर औषध मारून ते आत पोचत नाही, म्हणून ही दोन सगळ्यात शेवटी.

घरचं मीठ पाण्यात कालवून नेब्युलायझरमध्ये घालू नका. ते निर्जंतुक नसतं.

९. जेवणाआधी की जेवणानंतर?

आधी. जेवण झालं असेल तर किमान तासभर, जमल्यास दोन तास जाऊ द्या. नाहीतर ओकारी होते आणि ओकारी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. सकाळी उठल्यावर कोमट पाणी किंवा थोडा चहा पिऊन केलं तर चांगलं. रात्रभराचा कफ तेव्हाच साचलेला असतो.

१०. व्हेस्ट काढल्यावर अंगाला खाज येते, बरगड्या दुखतात. काय चुकतंय?

आत पातळ सुती बनियन किंवा टी-शर्ट घाला. उघड्या अंगावर नको, स्वेटरवर नको. मंगळसूत्र, साखळी, खिशातलं पेन काढून ठेवा. हवा भरलेली नसताना मोठा श्वास घ्या आणि तो घेतलेला असतानाच पट्टे लावा, म्हणजे जॅकेट जास्त आवळलं जात नाही. यंत्र चालू असताना मोठा श्वास घेता येत नसेल तर ते घट्ट आहे. खांद्यावर उड्या मारत असेल तर सैल आहे. पहिले काही दिवस कमी दाबावर आणि कमी वेळ करून शरीराला सवय लावता येते. आठवड्यानंतरही बरगडी एकाच जागी दुखत असेल तर थांबवा आणि दाखवा, विशेषतः हाडं ठिसूळ असलेल्या बायकांनी.

११. चार दिवस लावतोय, पण कफच पडत नाही. यंत्र खराब आहे का?

यंत्र बहुधा ठीक असतं. आधी बघा: मध्ये थांबून हफ करता का (प्रश्न ७)? पाणी पुरेसं पिता का? डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर दिवसभर थोडंथोडं पीत राहा. कोरड्या शरीरातला कफ डिंकासारखा होतो. कधी कधी कफ व्हेस्टनंतर अर्ध्या-एक तासाने पडतो, तोही धरा. आणि काहींना मुळात तेवढा कफ नसतोच, त्यांचा खोकला पित्ताचा किंवा नाकामागून उतरणाऱ्या शेंबडाचा असतो. अशांना व्हेस्टने काही मिळणार नाही.

१२. सासूबाई बेडका गिळून टाकतात. अपाय होतो का?

पोटात गेलेला कफ पचून जातो, फार तर मळमळतं. पण किती पडला, कोणत्या रंगाचा पडला हे कळत नाही, आणि डॉक्टरांना तेच हवं असतं. पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला, रोजच्यापेक्षा जास्त पडू लागला, वास येऊ लागला, तर संसर्गाची सुरुवात असू शकते.

गिळण्यामागे बहुतेक वेळा संकोच असतो. सून-मुलासमोर, पाहुण्यांसमोर थुंकायला वाईट वाटतं. त्यांना झाकणाचं एक वेगळं भांडं द्या, आणि ती वीस मिनिटं खोलीचं दार लोटून घ्या. भांड्यातलं संडासात टाकून पाणी सोडायचं, भांडं उकळत्या पाण्याने धुवायचं. माझ्या अनुभवात एवढ्यानेच निम्म्या जणांचं काम होतं.

१३. बेडक्यात रक्त दिसलं. थांबवू का?

हो, त्या वेळेपुरती व्हेस्ट थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये बेडक्याला लाल रेघ कधीकधी येते आणि डॉक्टर पुढे चालू ठेवायलाही सांगतात, पण तो निर्णय त्यांचा. निव्वळ रक्त आलं, चमचाभर का होईना, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. अर्धा कप किंवा त्याहून जास्त आलं तर लगेच १०८ला फोन करा. कोणत्या बाजूच्या फुफ्फुसातून येतंय हे ठाऊक असेल तर रुग्णाला त्याच कुशीवर झोपवा, म्हणजे चांगल्या बाजूत रक्त जाणार नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर फोनवर ते आधी सांगा.

१४. मुलाला एसएमए (स्नायू दुबळे होत जाण्याचा जन्मजात आजार) आहे, खोकायची ताकदच नाही. व्हेस्ट घेऊ का?

एकटी व्हेस्ट घेऊ नका. सुटलेला कफ मोठ्या नळीत येऊन बसला आणि मुलाला तो खोकून टाकता आला नाही, तर त्याचा श्वास अडकू शकतो. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजेच एसएमए, ड्युशेन (हाही स्नायूंचा जन्मजात आजार) किंवा मानेखालचा लकवा असेल, तर आधी लागतं ते खोकला देणारं यंत्र, ज्याला कफ असिस्ट म्हणतात (इथे ‘कफ’ हा खोकल्यासाठीचा इंग्रजी शब्द). ते मास्कमधून हवा आत भरतं आणि लगेच जोराने ओढून घेतं. जोडीला तोंडा-घशातला कफ ओढून घेणारं सक्शन मशीन.

मोठ्या मुलांमध्ये आणि प्रौढांमध्ये खोकल्याचा जोर एका साध्या मीटरवर मोजता येतो. मिनिटाला २७० लिटरच्या खाली आला की मदत लागणार असं धरतात. हे मोजल्याशिवाय कोणी व्हेस्ट लिहून देत असेल तर मोजायला सांगा. पैसे एकाच यंत्रापुरते असतील तर या मुलांसाठी ते कफ असिस्टवर खर्च करा.

१५. कोणी अजिबात वापरू नये?

डोक्याला किंवा मानेला दुखापत होऊन ती स्थिर झालेली नसेल, किंवा रक्तस्राव चालू असून रक्तदाब पडत असेल, तर अजिबात नाही. बरगडी मोडलेली असणं, फुफ्फुसाबाहेर हवा साठणं, छातीवर भाजल्याची किंवा ऑपरेशनची ताजी जखम, नुकतंच झालेलं मणक्याचं ऑपरेशन, फुफ्फुसात रक्ताची गुठळी, नुकताच बसवलेला पेसमेकर, हाडांचा जास्त ठिसूळपणा, या सगळ्यांत डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याशिवाय नाही. रक्त पडण्याबद्दल प्रश्न १३, टीबीबद्दल प्रश्न ४.

१६. किती वर्षांच्या मुलाला लावता येते? आमची मुलगी यंत्र दिसलं की रडते.

मापाचं जॅकेट मिळालं तर साधारण दोन-तीन वर्षांपासून. त्याआधी हाताची वाटी करून थोपटणंच योग्य.

रडणाऱ्या मुलीला पहिल्या दिवशी यंत्र लावूच नका. जॅकेट नुसतं घालून खेळू द्या. दुसऱ्या दिवशी बाहुलीला लावून चालू करा. मग अगदी कमी दाबावर दोन मिनिटं, आणि तिला ‘आऽऽ’ म्हणायला सांगा. आवाजाचे तुकडे तुकडे होतात, ते मुलांना फार आवडतं. माझ्याकडची सात वर्षांची एक मुलगी व्हेस्टमध्ये बसून दोनपासून दहापर्यंत पाढे म्हणते. ते संपले की तिला कळतं, थांबून हफ करायची वेळ झाली.

१७. किंमत ऐकून पोटात गोळा आला. कर्ज काढून घ्यावी का?

नाही. याबद्दल मला अगदी ठामपणे सांगायचं आहे. नवीन यंत्र लाखांच्या घरात जातं, आणि ते स्वस्त उपायांपेक्षा सगळ्यांसाठी सरस आहे असं सिद्ध झालेलं नाही. कॅनडात सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांवर वर्षभराचा एक अभ्यास झाला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका गटाला व्हेस्ट दिली, दुसऱ्याला पेप मास्क, म्हणजे श्वास सोडताना थोडा विरोध करणारा साधा मास्क. आजार उफाळण्याचं प्रमाण मास्कच्या गटात कमी निघालं.

अकापेला किंवा फ्लटर ही हातात मावणारी साधनं काही हजारांत मिळतात. त्यांत फुंकलं की आतून कंपनं तयार होतात. लहान मुलांसाठी बाटलीत पाणी घेऊन नळीने बुडबुडे काढण्याचा प्रकार आहे, त्याला जवळजवळ काहीच खर्च नाही. फक्त पाण्याची उंची फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्यायची आणि पाणी रोज बदलायचं. आणि श्वासाचे व्यायाम व हफ यांना एक पैसाही लागत नाही.

मग व्हेस्ट कोणासाठी? ज्याला फुंकण्याची तंत्रं जमत नाहीत, ज्याची छाती थोपटणारं घरी कोणी नाही, किंवा सूचना समजून घेणं ज्याला शक्य नाही, त्याच्यासाठी. घ्यायची ठरवलीत तरी आधी दवाखान्यात किंवा भाड्याने महिनाभर वापरून बघा. रोज किती बेडका पडला ते वहीत लिहा. एका कुटुंबाने विक्रेत्याच्या आग्रहावरून दागिने गहाण टाकून यंत्र घेतलं होतं. रुग्णाचे तेच काम अकापेलावर होत होतं.

१८. ऑनलाइन दोन-तीन हजारांत कंपनाचं मसाज जॅकेट मिळतं. तेच नव्हे का?

नव्हे. ते कातडी आणि स्नायू थरथरवतं. छाती दाबून श्वासनलिकांत हवेचे झटके तयार करत नाही.

१९. मुलगा अमेरिकेत असतो, तिथून वापरलेलं यंत्र पाठवतोय. इथे चालेल का?

यंत्राच्या मागची पट्टी वाचायला सांगा. १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिन बदलावी लागेल. नुसतं ११० किंवा १२० व्होल्ट असेल तर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलं की जळेल, आणि साधा ट्रान्सफॉर्मर लावला तरी ६० हर्ट्झचं यंत्र ५० हर्ट्झवर नीट चालेलच असं नाही. इथे दुरुस्ती आणि नळ्या मिळतील का, तेही आधी विचारा.

यंत्र वापरलेलं चालेल, जॅकेट शक्यतो नवीन घ्या. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाने तर दुसऱ्या अशाच रुग्णाचं जॅकेट घेऊच नये. स्यूडोमोनास, बर्कहोल्डेरिया यांसारखे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. आणि माप: तिकडच्या मोठ्यांचं जॅकेट आपल्या बारीक आजींना कंबरेखाली उतरतं, मग दाब छातीवर बसतच नाही.

२०. लाइट गेली तर? गावाला गेलो तर?

एक वेळ चुकली म्हणून घाबरू नका, हफ आणि श्वासाचे व्यायाम करा. प्रवासात अकापेला जवळ ठेवा. विमानात लिथियम बॅटरीचं जॅकेट हातातल्या सामानात न्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा.

२१. पोटात जेवणाची नळी आहे, छातीत औषधाचा पोर्ट आहे. तरी चालेल?

नळीची जखम भरली असेल तर बहुतेक वेळा चालतं. आधी नळीतलं अन्न थांबवा (वेळ प्रश्न ९ प्रमाणे), आणि जॅकेट नळीवर येणार नाही असं छोट्या मापाचं घ्या. पोर्टच्या, म्हणजे औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीच्या भोवती मऊ कापडाची चुंबळ ठेवली की दाब थेट त्याच्यावर येत नाही. पोर्टला सुई लावलेली असताना मात्र आधी विचारा. गरोदरपणातही स्वतःच्या मनाने नको.

२२. ट्रायकाफ्टा सुरू केल्यापासून मुलीला कफच होत नाही. व्हेस्ट बंद करू?

सिस्टिक फायब्रोसिसचं हे औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं, आणि ज्यांना ते लागू पडतं त्यांचा कफ खरोखर पातळ होतो. पण आधी खराब झालेल्या नळ्या तशाच राहतात. बंद करायची तर डॉक्टरांना सांगून, एका वेळी एकच गोष्ट बंद करा, आणि आधी व नंतर फुंकण्याची तपासणी (फुफ्फुसांची ताकद मोजणारी स्पायरोमेट्री) करून घ्या. नुसतं ‘बरं वाटतंय’ एवढ्यावर नको.

२३. आजी आता अंथरुणालाच आहेत, फार थकल्यात. व्हेस्ट लावली की डोळ्यांत पाणी येतं. तरी रोज लावायची का?

नाही लावली तरी चालेल. त्यांच्या डॉक्टरांशी बोला आणि थांबवा, यात तुमच्याकडून काही कमी पडत नाही. या टप्प्यावर त्यांना श्वास सोपा जावा, एवढंच बघायचं असतं. पाठीमागे उशा लावून डोकं उंच ठेवा, दर दोन तासांनी कूस बदला. ओल्या कापसाने ओठ आणि जीभ पुसा. घशात घरघर वाजत असेल तर एका कुशीवर वळवा, तोंड जरा खाली झुकू द्या. घरघर कमी करणारी औषधं असतात, ती डॉक्टरांकडे मागा. आणि त्यांना आवडत असेल तर हाताने, अगदी हलकं, पाठीवरून हात फिरवत बसा.